तालिनला उतरायचं होतं

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
३ सप्टेंबर २०२५

सुवर्णाकाकू, नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? नवीन पट्टा लावल्यापासून जिना चढता येतो असं रेणू म्हणाली. तरी जिना टाळता आला तर टाळाच. पत्रात इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत असते. अनिका बरी आहे. तिचा पुढचा दात पडला आणि शाळा सुरू झाली. एवढं खरं आहे.

मी तुम्हाला यापूर्वी कधी पत्र लिहिलेलं नाही. धाकट्या बहिणीने थोरलीच्या सासूला परस्पर लिहावं अशी आपल्यात रीत नाही, हे मला माहीत आहे. पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि शेजारी सगळी मंडळी बसलेली असतात. तुम्हाला उत्तर द्यावं तर मधूनच दुसरं कुणीतरी बोलायला लागतं. शिवाय तुम्ही रडायला लागलात की मला पुढचं बोलता येत नाही. कागदावर येईल. आमची आई नाशिकहून तुम्हाला यातलं काही सांगणार नाही. "विहीणबाई म्हणतील तसं" याच्या पुढे तिचं वाक्य जात नाही. बाबा गेल्यापासून तर तुमचा फोन आला की ती उभी राहून बोलते.

तर, क्रूझविषयी.

फोटो तुम्ही पाहिलेत. कोपनहेगनची कालव्याकाठची रंगीत घरं, ग्दान्स्कची जुनी लाकडी क्रेन, रीगाचा बाजार, हेलसिंकीचं पांढरं चर्च, स्टॉकहोम. तालिनचा एकही फोटो नाही. तुम्हाला असं सांगितलं गेलं की तालिनला संग्रामदाजी ओल्या डेकवर घसरले आणि त्यांचं कॉलरबोन मोडलं, आणि त्याच दिवशी वाऱ्याने दार आपटून रेणूची बोटं मोडली. तुम्ही फोनवर म्हणालात, "कुणाची दृष्ट लागली गं, एका दिवसात दोघांना."

काकू, त्या दिवशी डेक कोरडा होता. वाराही नव्हता.

ही सहल कशी ठरली ते आधी सांगते. मार्चमध्ये रेणूचा ओठ आतून फाटला आणि टाके पडले. अनिकाच्या शाळेतल्या बायकांना तिने कपाटाचं दार लागल्याचं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात दाजींनी जूनची क्रूझ बुक केली. त्याआधी एकदा पैठणी आली होती, एकदा नवीन गाडी. आधी मार आणि मग वस्तू, हा क्रम मला उशिरा कळला. रेणू मात्र मला वस्तूंबद्दलच सांगायची.

माझं तिकीटही दाजींनीच काढलं. "साली नसेल तर सहलीत काय राम," असं ते सगळ्यांना सांगत होते. खरं म्हणजे रेणूनेच माझ्यासाठी हट्ट धरला होता. मला त्यांच्या शेजारची केबिन मिळाली, दोन केबिनच्या मधे दार असलेली.

आमचा ग्रुप सगळा मराठी मंडळींचा होता. जेवणाला आमच्या टेबलावर न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचे रवींद्रकाका आणि शुभाकाकू असायचे. दोघं रिटायर्ड, हौशी, बॅगेत चिवडा आणि मेतकूट. कोपनहेगनला जहाजावर चढताना दाजींनी आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले आणि एका काळ्या पाऊचमध्ये घालून पाऊच कमरेला बांधलं. आपल्याकडे असंच चालतं. आमचे बाबाही करायचे. प्रवासात एक कर्ता पुरुष सगळ्यांची कागदपत्रं सांभाळतो आणि बाकीचे निर्धास्त फिरतात. मी एकटी राहते, माझे टॅक्स मी भरते, तरी त्यांनी हात पुढे केल्यावर क्षणभरही विचार न करता पासपोर्ट देऊन टाकला. रवींद्रकाका म्हणाले, "वा, जावई म्हणजे चालतीबोलती तिजोरी." आम्ही सगळे हसलो.

बंदरावर उतरून फिरायला जहाजाचं कार्ड पुरतं. विमानात बसायला पासपोर्ट लागतो. हे तेव्हा मनात आलं नाही.

ग्दान्स्कला नदीकाठी अंबरची दुकानं आहेत. दाजींनी रेणूला एक माळ पसंत करायला सांगितली. ती म्हणाली, "राहू दे ना, आहेत की माझ्याकडे." हे ती दुकानदारासमोर म्हणाली. दाजी हसले. माळ घेतली. जहाजावर परतल्यावर अनिका माझ्या केबिनमध्ये कार्टून बघत बसली आणि मधलं दार त्यांच्या बाजूने बंद झालं. थोड्या वेळाने भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. जड, पण मऊ. पुन्हा आला. अनिकाने टीव्हीवरची नजर न काढता रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. मग मला विचारलं, "टू लाऊड होतंय का, मावशी?"

सहा वर्षांच्या मुलीला आवाज नेमका किती वाढवायचा ते माहीत होतं.

मी मधलं दार ठोठावलं. दाजींनी उघडलं. ते कपडे बदलत होते, शर्टाची बटणं लावत होते. "काय इंजिनिअरबाई, काही मोडलंय का?" बाथरूममध्ये नळ चालू होता. तुम्ही मला मागे एकदा विचारलं होतंत की मी नक्की काय काम करते. आमची कंपनी जी उपकरणं बनवते ती मी मोडते. पाडते, वाकवते, तापवते, आणि कुठे आणि का तुटलं ते शोधते. दाजी त्यावरून मला नेहमी चिडवत. मी म्हणाले, "नाही, काही नाही." त्या दिवशी जेवताना रेणूने बंद गळ्याचा कुडता घातला होता आणि त्यावर ती माळ.

शुभाकाकूंना तिच्या मनगटावर अंगठ्याची खूण दिसली. "अगं, हे काय लागलं?"

"जिन्याचा कठडा," रेणू म्हणाली.

शुभाकाकूंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा दाजींकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच गं."

"लागू दे की," रवींद्रकाका म्हणाले. "पोचे येईपर्यंत नको, एवढंच."

दाजींना ते फार आवडलं. ते म्हणाले, "काका, पोचे म्हणजे काय ते आमच्या आईला विचारा. बाबांनी एकदा अशी ठेवून दिली, डावा कान तेव्हापासून गेला तो गेलाच. पण दुसऱ्या दिवशी बाबांचा डबा वेळेवर तयार. अजून म्हणते, माणूस देव होता. नाहीतर आजकालच्या ह्या. एक थप्पड झेपत नाही, लगेच थेरपी."

ते एकटेच हसले. शुभाकाकूंनी चमचा खाली ठेवला.

तुमचा कान लहानपणी गालगुंडाने गेला असं आम्हाला सांगितलं होतं. मी हे लिहावं की नाही यावर बराच विचार केला. लिहिलं, कारण तुमची गोष्ट कुठे आणि कशी सांगितली जाते ते तुम्हाला माहीत असायला हवं. त्याबद्दल पुन्हा लिहिणार नाही. ते तुमचं आहे.

रीगाला जुन्या विमानांच्या प्रचंड शेडमध्ये बाजार भरतो. दाजी अनिकाला घेऊन ग्रुपबरोबर तिकडे गेले. रेणू माझ्या केबिनमध्ये आली आणि तिने कुडता वर केला. बरगड्यांवर पिवळं होतं, हिरवट होतं, आणि जांभळं होतं. वेगवेगळ्या वेळचं. असं दिसल्यावर कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे लावणं माझ्या रोजच्या कामात बसतं. मी ते लावलं. गेल्या काही आठवड्यांतला एकही मोकळा गेला नव्हता.

ती म्हणाली, "प्रीता, मला उतरायचंय. मला परत त्या खोलीत नाही जायचं."

"उद्या तालिन आहे. विमानतळ गावातच आहे."

"पासपोर्ट?"

पाऊच त्यांच्या केबिनमधल्या छोट्या तिजोरीत असायचं. तिचा आकडा दाजींनी घातला होता आणि रेणूला सांगितला नव्हता. मला तो ओळखता आला. दाजींचा फोन, गॅरेजचं दार, लॅपटॉप, सगळीकडे ते एकच आकडा वापरतात. तुमचं जन्मसाल. त्यांचं तुमच्यावर प्रेम आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती.

तालिनला दाजी रवींद्रकाकांबरोबर जुनं शहर बघायला उतरले. रेणूने डोकं दुखत असल्याचं सांगितलं होतं. अनिका जहाजावरच्या मुलांच्या खोलीत खेळत होती. मी तिजोरी उघडली, पाऊच काढलं. सामान घ्यायचं नाही असं ठरलं होतं. पण रेणूला एकदम आठवलं की अनिकाचा पोहण्याचा ड्रेस बाल्कनीत वाळत घातलाय. "तिचा आवडता आहे," म्हणून ती बाहेर गेली. तेवढ्यात केबिनचं दार उघडलं. दाजी उन्हाचा चष्मा विसरले होते. एवढंच कारण.

त्यांनी माझ्या हातातलं पाऊच पाहिलं.

"अच्छा. दोघी बहिणी बहिणी. कुठं चाललाय?"

"घरी," मी म्हणाले.

"कुणाच्या?"

रेणू आत यायला निघाली होती आणि तिचा उजवा हात बाल्कनीच्या चौकटीवर होता. जहाजाचं बाल्कनीचं दार फार जड असतं, भर समुद्रातला वारा अडवायचा असतो त्याला. ते मला ओलांडून गेले, दोन्ही हातांनी ते दार ओढलं आणि खांदा लावून दाबून धरलं. तिचा हात मधे होता. रेणूच्या तोंडून जो आवाज आला तो मी लिहून पाहिला आणि खोडला. ते काचेला तोंड लावून तिला म्हणत होते, "आता उतर. उतर की. आता का नाही उतरत?"

इथून पुढे मला त्यांना "ते" लिहिता येणार नाही. माफ करा.

टेबलावर माझी स्टीलची पाण्याची बाटली होती, काठोकाठ भरलेली. मी ती गळ्याकडून धरली आणि तिच्या बुडाने त्याच्या कॉलरबोनवर मारलं, ते हाड जिथे वळतं तिथे. रेणूचे वकील म्हणतात, "तुमचा तोल गेला होता असं म्हणता येईल." तोल गेला नव्हता. मी जागा बघितली आणि मग मारलं. हाड मोडल्याचा आवाज कामावर उपकरणाचं कवच तडकतं तसाच आला. त्याचा हात सुटला, दार सुटलं, तो गुडघ्यावर आला. मी बाटली पुन्हा उचलली.

तुम्हाला आज एवढंच लिहिते.

त्यानंतर जे आम्ही तिघांनी केलं ते मला अजून समजावून सांगता येत नाही. जहाजाच्या दवाखान्यात डॉक्टरने प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं. संग्राम म्हणाला, घसरलो. बायकोच्या धाकट्या बहिणीने हाड मोडलं हे त्याला सांगायचं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न दाराबद्दल आला असता. रेणू म्हणाली, वाऱ्याने दार आपटलं. मी म्हणाले, मी त्या वेळी खाली होते. नर्सने रेणूला आणि मला पुन्हा विचारलं, तुम्ही सुरक्षित आहात ना? आम्ही दोघी हो म्हणालो. चारचौघांत तमाशा नको, हे आम्हाला चालायच्या आधी शिकवलं होतं. जहाज तालिनहून निघालं. पाऊच परत तिजोरीत गेलं. शुभाकाकू किचनमधून गरम दूध मागून आणायच्या, स्वतःची हळद घालून दोघांनाही द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत.

परतीच्या विमानात आम्ही एका ओळीत बसलो होतो. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला, तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. जेवण आलं तेव्हा दोघांचीही लोण्याची पाकिटं मी फोडून दिली. त्याने थँक्यू म्हटलं.

ऑगस्टमध्ये त्याचा हात गळ्यातून निघाला. त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात, फ्रिजला टेकवून, त्याने रेणूचा गळा दाबला. ती बेशुद्ध पडेपर्यंत. अनिकाने नेहमीप्रमाणे टीव्हीचा आवाज वाढवला, पण या वेळी कमी केलाच नाही. वाढवतच गेली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी टीव्हीच्या आवाजाची तक्रार म्हणून पोलिसांना बोलावलं. पोलिस आले तेव्हा रेणू फरशीवर होती आणि अनिका सोफ्यावर रिमोट धरून. तुम्हाला "नवराबायकोचं भांडण झालं" एवढंच कळवलं गेलं. भांडायला दोघांना श्वास लागतो.

तेव्हापासून रेणू आणि अनिका माझ्याकडे आहेत. कोर्टाने त्याला तात्पुरतं लांब ठेवलं आहे. हे कायम करायचं की नाही, ते १८ तारखेला, गुरुवारी ठरेल.

आता शनिवारचा तुमचा फोन. तुम्ही रेणूला म्हणालात, "केस मागं घे पोरी. तो म्हणतोय, नाहीतर प्रीताचंही सगळं निघंल." तुम्हाला त्याचा अर्थ माहीत नव्हता असं मी धरून चालते. अर्थ असा, की रेणूने केस मागे घेतली तर तो डेकवर घसरलेलाच राहील. नाही घेतली तर त्याचं हाड कुणी मोडलं ते तो सांगेल. मी वर्क व्हिसावर आहे, ग्रीन कार्डचा अर्ज मध्यावर आहे. अशा अर्जाला मारहाणीचं प्रकरण चिकटलं तर काय होतं ते त्याने नीट चौकशी करून ठेवलं आहे.

फोन ठेवल्यावर रेणू तांदूळ धुवायला गेली. बोटं अजून मिटत नाहीत, त्यामुळे पातेलं तिच्या हातातून निसटलं. सांडलेले तांदूळ गोळा करत ती म्हणाली, "मी मागे घेते. तुझं आयुष्य कशाला नासवू. आता तो घाबरलाय, पुन्हा नाही करायचा."

"आणि केलं तर?"

"मग बघू."

"मग तू बघायला नसशील, रेणू."

दाणा दाणा उचलत राहिली. ती मनातून परत गेलेली होती.

म्हणून काल मी तिच्या वकिलांकडे गेले आणि तालिनला काय झालं ते सगळं लिहून, सही करून दिलं. इथे तुम्हाला लिहिलं त्याहून जास्त. त्यांनी मला दोनदा विचारलं, "कळतंय ना काय करताय? तुम्हाला देश सोडावा लागू शकतो." कळतंय. संध्याकाळी रेणूला सांगितलं. ती आधी ओरडली, मग माझ्या पाठीत तिने बुक्की मारली, चांगल्या हाताने, आणि मग बराच वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. केस मागे घेत नाही म्हणाली. संग्रामकडे आता सौद्याला काही उरलेलं नाही. तुमच्याकडून निरोप पाठवायलाही नाही.

त्याच्या बाजूने तुम्ही व्हिडिओवर साक्ष देणार आहात असं कळलं. काय सांगायचं ते मी तुम्हाला सांगणार नाही. एकच मागते. गुरुवारपर्यंत रेणूला फोन करू नका. माझ्या बोलण्याने ती हलत नाही, तुमच्या आवाजाने हलते.

गुडघ्याला जपा.

प्रीता


सनीव्हेल
२७ सप्टेंबर २०२५

सुवर्णाकाकू, नमस्कार.

तुमचा निरोप मिळाला. "रेणूनं मधी हात घातला नसता तर तू काय केलं असतंस? खरं लिही." दुसरं काही नाही, नेहमीचा आशीर्वादही नाही. मला ते योग्य वाटलं.

खरं लिहायचं तर कोर्टापासून लिहावं लागेल, कारण पडद्यावर तुम्हाला सगळं ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. दुभाष्या भरभर बोलत होता आणि तुमच्याकडचं चित्र मधेमधे थिजत होतं.

त्याच्या वकिलाने मला विचारलं, "तुम्ही बाटली दुसऱ्यांदा उचललीत. मग थांबलात का?" मी भानावर आले, घाबरले, असं काहीतरी मी म्हणेन असं त्यांना वाटत असावं. मी म्हणाले, मी थांबले नाही. तो गुडघ्यावर होता, मान खाली होती, कानाच्या वरची बाजू उघडी होती. तिथे कवटी पातळ असते. मी तिथेच मारलं. बाटली खाली येत असताना रेणूने मधे हात घातला, दारातून नुकताच सुटलेला तोच हात. दुसरा पुढे करायला तिला वेळ नव्हता. बाटली तिच्या हातावर बसली.

तिची तीन बोटं मोडली आहेत. दोन त्याने मोडली. एक मी.

हे मी पहिल्या पत्रात तुम्हाला लिहिलं नाही. लिहून दिलेल्या कागदात होतं, पण तुम्हाला लिहिताना हात पुढे गेला नाही. रेणूने आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. जहाजावरच्या डॉक्टरला नाही, इथल्या डॉक्टरला नाही, आईलाही नाही. मी एकदा तिच्याजवळ विषय काढला तर म्हणाली, "सोड ना. सगळा वाराच होता."

मी बोलत असताना संग्राम माझ्याकडे बघत होता. आपल्या डोक्यावर काय येत होतं आणि ते कुणी अडवलं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. त्याची मान तेव्हा खाली होती, त्याने पाहिलं नव्हतं. त्याचा चेहरा कसा झाला ते लिहीत नाही. तुम्हाला पडद्यावर दिसला असेल.

मग तुमचं नाव पुकारलं. तुमच्या मुलाने सुनेवर हात उचललेला तुम्ही कधी पाहिलात का, असं विचारलं. तुम्ही पदर तोंडाला लावलात आणि म्हणालात, "मला आता घरी जाऊ द्या." दुभाष्याने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीशबाई क्षणभर गोंधळल्या, कारण तुमच्यामागे तुमचं देवघर दिसत होतं. तुम्ही घरातच बसला होतात. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आदेश कायम झाला. त्याने रेणूजवळ यायचं नाही. अनिकाला भेटायचं ते तिसऱ्या माणसासमोर. ती पहिल्या भेटीला जाऊन आली. तिने त्याला दात दाखवला, त्याने फोटो काढला, आणि वेळ संपल्यावर ती उठली. परतताना गाडीत रेडिओ लावू का विचारलं तर नको म्हणाली. इतक्या दिवसांत तिने शांतता मागितल्याचं मला आठवत नाही.

त्याने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. ते अपेक्षित होतं. अर्जाचं काय होईल ते कळलेलं नाही. ऑफिसला मी स्वतः सांगितलं. साहेब म्हणाले, तोवर काम चालू ठेव. ठेवलं आहे. हातात बाटली घेतली की मी ती अजूनही बुडाकडून बघते. नवीन घ्यावी असं रेणू म्हणते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रेणूने मधे हात घातला नसता तर तुमचा मुलगा त्या खोलीतून चालत बाहेर आला नसता. बहुधा आलाच नसता. मला ते मारतानाही माहीत होतं. त्याचं मला वाईट वाटतं का, असं तुम्ही विचारलं नाहीत. विचारलंत तर त्याचंही खरं लिहीन, आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

नोव्हेंबरमध्ये अनिकाला भेटायला यायचं म्हणता, तर या. रेणूने तुमच्यासाठी खालची खोली लावली आहे, जिना नको म्हणून. ती अजून तुम्हाला आईच म्हणते. तुम्ही असाल तेवढे दिवस मी समोर नको असेन तर मैत्रिणीकडे राहीन, तसं फक्त कळवा.

दार ती उघडेल. तुम्ही तिचा हात हातात घ्याल, नेहमी घेता तसा. उजवा जरा सांभाळून घ्या, दाबलं की दुखतं. तुमचा मुलगा जिवंत आहे तो त्या हातामुळे.

रेणूची बहीण,
प्रीता